चषकाचा निःपक्षपाती इतिहास

५ जानेवारी, रविवार

ठरलं. विभागीय रग्बी चषकाचा इतिहास मी लिहिणार. चषकाला यंदा साठ वर्षं होतात आणि आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. काल क्लबच्या सेक्रेटरींना फोन करून कल्पना दिली. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. (रग्बी क्लबला दातांचा डॉक्टर सेक्रेटरी लाभावा हा योगायोग नव्हे.) "हो हो, लिहा की," म्हणाले. तीनदा म्हणाले. मागे ड्रिलचा आवाज चालू होता, तरी एवढा उत्साह.

योजना: बारा प्रकरणं. आठवड्याला एक. अंतिम सामना एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे तीन आठवडे वर उरतात. त्यात शुद्धलेखन.

धोरण: निःपक्षपाती. मी आयुष्यभर विजेचे मीटर तपासले. मीटर खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. इतिहासालाही हाच नियम.

६ जानेवारी

कामाला लागलो. नवं पेन, दोन फायली, कागदांना भोकं पाडायचा एक पंच. टेबल खिडकीशी आणलं. त्यासाठी सौ.चं शिवणयंत्र दारामागे सरकवावं लागलं. ती आली की पुन्हा जागेवर ठेवीन.

सौ. सध्या तिच्या भावाकडे असते. सध्या म्हणजे चार वर्षं.

कारण मला ठाऊक आहे. तो अंतिम सामना. आम्ही हरलो त्याला एकतीस वर्षं होतील. हरलो म्हणजे हरवले गेलो. तेव्हापासून मी घरात जरा गप्प असायचो. तिला वाटलं हा माणूस उगीच कुढतो. तिने सत्तावीस वर्षं धीर धरला, मग गेली. पण खरं काय ते एकदा छापून आलं, पुस्तक तिच्या हातात पडलं, की तिला कळेल मी उगीच कुढत नव्हतो. येईल. प्रकाशनाला पहिल्या रांगेतली खुर्ची तिची. सेक्रेटरींना सांगून ठेवायला हवं.

१२ जानेवारी

प्रकरण पहिलं: 'चेंडू'. मुळापासून सुरुवात केलेली बरी. कातडं, शिलाई, आतला फुगा, लांबट आकार का. दोन पानं झाली. अजून खेळ सुरू झालेला नाही. नमनाला घडाभर तेल असं कोणी म्हणेल, पण पाया भक्कम हवा.

१९ जानेवारी

प्रकरण दुसरं: 'स्थापना'. माहिती छान मिळाली. मैदान एक आणि क्लब दोन, आमचा आणि पुलापलीकडचा. दर रविवारी मैदानावरून भांडण. शेवटी कोणीतरी म्हणालं की भांडताच आहात तर नियमाने भांडा. आजूबाजूचे आणखी सहा क्लब आले आणि स्पर्धा उभी राहिली. चषक विकत घ्यायला उशीर झाला म्हणून एका खाणावळीतलं सूपचं मोठं भांडं उचलून आणलं. अजून तेच आहे. झाकण हरवलं. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात चेंडू नदीत गेला आणि दुसरा कोणाकडे नव्हता, त्यामुळे दोन्ही संघ विजेते. आठ क्लबांपैकी आज चारच उरले आहेत, त्यातल्या एकाकडे पंधरा माणसं जेमतेम होतात.

एक प्रथा अशी की सामन्यानंतर यजमान क्लबाने जेवण द्यायचं आणि प्रत्येकाने समोरच्या संघातल्या आपल्याच नंबरवाल्यासमोर बसायचं. सात नंबरसमोर सात नंबर. जेवल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. मैदानावर एकमेकांचे कान पिरगाळायचे आणि नंतर एकमेकांना वाढायचं. हा भाग गाळतो. इतिहासात जेवणावळी कशाला?

२ फेब्रुवारी

प्रकरण तीन ते सहा मनात तयार आहेत. आज मुलाखतींना आरंभ.

डाव्याकडे गेलो. डावा म्हणजे स्क्रममध्ये माझ्या डाव्या हाताला असायचा तो. (परिशिष्टासाठी टीप: स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी वाकून, डोकी अडकवून एकमेकांना रेटणं. पुढच्या रांगेत तिघे. मधल्याने दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यावर टाकायचे आणि पायाने चेंडू मागे ओढायचा. मधला मी. दोन नंबर.) तेरा वर्षं या माणसाच्या खांद्यावर माझा हात होता. आता त्याचं टायरचं दुकान आहे.

तो गाडीखाली होता. मुलाखत त्याच्या बुटांशी झाली. जुने सामने विचारले तर जेवणाच्याच गोष्टी सांगतो. कोण टेबलावर चढून गायला, कोणाचा दात कोणाच्या सूपात सापडला. मी म्हटलं मला इतिहास हवा आहे. म्हणाला, "अरे, हाच की तो."

मग मुद्द्यावर आलो. त्या अंतिम सामन्यातला शेवटचा ट्राय. गाडीखालून हसण्याचा आवाज आला. म्हणाला, "तुला माहीतच आहे की." आणि पुन्हा पाना फिरवायला लागला. चोराच्या मनात चांदणं. पुलापलीकडच्या क्लबवाल्यांचे ट्रक याच्याकडे टायर बदलतात, ते मी पाहिलं आहे. घाबरतो बिचारा.

निघताना बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, ग्रीस लागेल. लागलं. घरी येऊन लगेच धुतलं नाही.

९ फेब्रुवारी

ट्रायबद्दल एकदा स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे पुस्तकात तसंच उतरवता येईल.

शेवटचं मिनिट. आम्ही तीन गुणांनी पुढे. आमच्या रेषेवर गर्दी कोसळली, सगळ्यांत खाली मी. ट्राय (त्याचे पाच गुण) व्हायला चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवावा लागतो, हातात धरून. त्यांचा दोन नंबर, म्हणजे माझा समोरचा, चेंडू घेऊन माझ्यावर पडला. चेंडू त्याच्या हातातून सुटला. जमिनीला नव्हे, माझ्या कानाला लागला. कान माझा, मला कळणार नाही? रेफरी ढिगाच्या पलीकडे. त्याने शिट्टी मारून ट्राय दिला आणि समोरचा उठून हसला. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. मी बूट हातात घेतले आणि सरळ घरी आलो. त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द नाही.

दुपारी सौ.ला फोन. मेहुण्याने उचलला. ती अंघोळीला गेली आहे म्हणाला. दुपारी साडेतीनला. पहिल्यापासूनच टापटिपीची.

२३ फेब्रुवारी

आढावा. बारा प्रकरणं जरा पसरट होत होती. पाच पुरे. वाचकांना हल्ली आटोपशीर आवडतं.

मात्र समोरच्याची मुलाखत घेतल्याशिवाय पुस्तक पक्षपाती ठरेल. पूर्वी बस चालवायचा, आता निवृत्त आहे. पुलापलीकडे तिसरं घर. प्रश्न काढले आहेत. तो हडबडेल, घाम पुसेल, शेवटी कबूल करेल. कबुलीजबाबाखाली सहीसाठी जागा सोडली आहे.

उद्या जातोच.

२४ फेब्रुवारी

वारा फार होता.

२५ फेब्रुवारी

बूट चांभाराकडे टाकले. अशा कामाला बूट नीट हवेत.

२८ फेब्रुवारी

बूट आले. पुलापर्यंत गेलो. पुलाच्या मध्यावरून त्याचं घर दिसतं. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, शेजारी बायको काहीतरी निवडत होती. दोघं बोलत नव्हते, नुसते बसले होते. बराच वेळ पाहिलं. परत आलो. प्राथमिक पाहणी झाली असं म्हणायला हरकत नाही.

९ मार्च

साक्षीदार नाहीत तर प्रयोग. ढीग प्रत्यक्ष उभा करून पाहायचा. दोन गाद्या, पाच उशा, वरून शिवणयंत्राची लाकडी पेटी (समोरच्याच्या वजनासाठी), आणि खाली मी, कान डावीकडे. चेंडू पेटीवर ठेवला होता. अंदाज असा की मी हललो की चेंडू घरंगळून कानावर येईल आणि कोन मोजता येईल.

चेंडू कॉटखाली गेला. पेटी पाठीवर आली. कंबरेत लचक. हलता येईना.

पडल्या पडल्या विचार केला की कोणाला हाक मारावी. शेजारचे नवीन आहेत, त्यांची नावं माहीत नाहीत. फोन टेबलावर. डावा आठवला, पण त्याला इथून ऐकू कसं जाणार? सौ. घरात असती तर आधी हसली असती, मग पेटी उचलली असती. हसली असती याचं आज काही वाटलं नाही.

उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली आली तेव्हा सरपटत निघालो. प्रयोग यशस्वी. निष्कर्ष: ढिगाखालच्या माणसाला कोणी पाहू शकत नाही.

१६ मार्च

कंबर बरी. आता दाढ दुखते. एका दगडात दोन पक्षी, सेक्रेटरींकडे गेलो. मुद्दा मांडायचा होता की पुस्तकात सत्य सिद्ध झाल्यावर क्लबातल्या लाकडी फळ्यावर त्या वर्षासमोर आमचं नाव रंगवता येईल का. ते म्हणाले, "आ करा." नंतर मुद्दा मांडता आला नाही.

त्यांनीच विषय काढला. इतिहास कुठवर आला? मी बोटांनी चाळीस दाखवले. (पानं तेवीस आहेत, पण ओघात.) त्या ट्रायचं घेतलंय ना, त्याशिवाय मजा नाही, असं म्हणून हसले. तोंडाला फडकं बांधलेली नर्सही हसली. ती तेव्हा जन्मलीही नसेल. कट किती खोल गेला आहे पाहा.

वर म्हणाले, चषकाच्या साठीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत इतिहासाला अर्धं पान ठेवलंय. अर्धं पान म्हणजे अर्थातच जाहिरात. पुस्तक लवकरच, वगैरे.

दाढ काढली. दोन तास बोलू नका म्हणाले. बोललो नाही. खरं तर त्यानंतरही दिवसभर बोलायची वेळच आली नाही, संध्याकाळी दूधवाल्याशी बोललो तेवढंच.

२३ मार्च

मेहुणा म्हणतो ती बाहेर गेली आहे. मागे तिचाच आवाज येत होता, भाचीला काहीतरी शिवायला शिकवत होती. "टीप सरळ घाल, घाई करू नको." मला ऐकू आलं. मेहुण्याला म्हटलं, बरं, सांगा फोन आला होता. मग तो ठेवेपर्यंत मीही ठेवला नाही.

पुस्तक निघालं की सगळं सुरळीत होईल.

३० मार्च

अंतिम रचना: प्रकरण एकच. तो सामना. उरलेली एकोणसाठ वर्षं परिशिष्टात, जमल्यास. खरं तर शितावरून भाताची परीक्षा. एक सामना नीट समजला की स्पर्धा समजते.

आता फक्त समोरचा. टाळण्यासारखं काही उरलेलं नाही. वारा पडला आहे, बूट शिवलेले आहेत.

६ एप्रिल

जाऊन आलो.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितल्यावर आत वळून म्हणाली, "अहो, तुमचे समोरचे आलेत." मी त्याचा समोरचा. हे कधी लक्षात आलं नव्हतं.

तो उठला. गुडघे गेलेत, उठायला वेळ लागला. हात हातात घेतला तो सोडेचना. मी फाइल उघडली आणि पहिला प्रश्न वाचला: सदर ट्राय वैध होता असं आपण आजही म्हणता काय?

म्हणाला, "कसला वैध हो? चेंडू आधीच सुटला होता माझ्या हातून. तुमच्या कानावर आपटला."

हडबडला नाही. घाम पुसला नाही. माझ्याकडे आणखी सतरा प्रश्न होते.

मग त्याने सगळं सांगितलं. कान पाहून हसू आवरलं नाही, शिट्टी झालीच होती, त्या गोंधळात काय बोलणार? पण संध्याकाळी जेवायला बसल्यावर उभा राहिला आणि दोन्ही संघांसमोर सांगून टाकलं. ते सूपचं भांडं उचलून आमच्या कॅप्टनपुढे ठेवलं. आमचा कॅप्टन (आता नाही बिचारा) म्हणाला, रेफरीने दिला तो दिला, जेवण गार होतंय, बसा. मग दोन्ही संघ त्याच भांड्यातून प्यायले. असं जेवण पुन्हा झालं नाही, म्हणाला. दर वर्षी अंतिम सामन्यानंतर कोणीतरी ही गोष्ट सांगतंच. नव्या पोरांनी त्यात आता एक कुत्राही घातला आहे.

"माझ्या समोरची खुर्ची तेवढी रिकामी होती," म्हणाला. "मी तुमच्या घरी यायला निघालो होतो. तुमचा तो डावा म्हणाला, दोन दिवस जाऊ द्या, तापट आहे. मग दोनाचे चार झाले. नंतर वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. सगळ्यांनाच कळलं होतं."

मग त्याने विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, छे, माहीत होतं तर. इतिहासकाराला खातरजमा करावी लागते.

त्याच्या बायकोने तोवर ताटं घेतली होती. तीन. मी म्हटलं, नको, मला उशीर होतोय. ती म्हणाली, रविवारी कसला उशीर? मी फाइल काखेत मारून निघालो. पुलावर आल्यावर थांबलो. उशीर कशाला होत होता ते मलाच सांगता येईना.

७ एप्रिल

सही घ्यायची राहिली. कबुलीजबाब तोंडी असला तरी ग्राह्य धरता येतो.

दुसरी शक्यता: तो खोटं बोलतो आहे. नाही. खोटं बोलणाऱ्यांच्या घरात मी आयुष्य काढलं. मीटरच्या तारा काढून ठेवणारे डोळ्यात डोळे घालून बोलतात आणि चहा पाजतात. हा तसा नाही.

म्हणजे मी बरोबर होतो. एकतीस वर्षं, शब्दन् शब्द. आनंद व्हायला हवा. उद्या होईल.

१० एप्रिल

झाला नाही.

मी बरोबर आहे हे दाताच्या डॉक्टरला माहीत, नर्सला माहीत, टायरवाल्याला माहीत. मी सिद्ध काय करणार होतो, आणि कोणाला? मी घरी बूट पुसत बसलो होतो तेव्हा तिकडे माझीच बाजू घेऊन सगळे हसत होते, आणि मला त्यांचा राग येत होता. फार एकटं वाटलं आज. हे लिहायला लाज वाटते, पण वाचणार कोण आहे?

१३ एप्रिल

सावरलो. गोष्टीला दुसरी बाजू आहे. सौ.ला कुठे माहीत आहे? तिच्यासाठी तरी सिद्ध झालंच की. पुस्तक लांबलं तरी हरकत नाही, बातमी तोंडी सांगता येईल. पुढच्या रविवारी, अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी फोन करतो. मुहूर्त चांगला आहे. शिवणयंत्र पुन्हा खिडकीशी आणलं. तेल घातलं. टेबल दारामागे.

१८ एप्रिल

टपालाने स्मरणिका आली. इतिहास अर्ध्या पानावर छापला आहे. सेक्रेटरींच्या पुतण्याने लिहिला. स्थापना, सूपचं भांडं, नदीत गेलेला चेंडू, तो ट्राय, कुत्रा. वाचायला दोन मिनिटं लागली. चांगला लिहिला आहे. काही राहिलं असं वाटलं नाही.

२० एप्रिल, रविवार

सकाळी दहाला फोन केला. मेहुणा म्हणाला ती कामात आहे. मी म्हटलं, थांबतो. तो म्हणाला वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मग ती आली.

सगळं सांगितलं. कान, ढीग, त्याची कबुली. मी बरोबर होतो म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने मला बाजारात सांगितलं. तुम्हाला सांगायला आले तर म्हणालात, या घरात त्या सामन्याचं नाव काढायचं नाही. नाही काढलं."

मला आठवलं. असं मी म्हणालो होतो.

विचारलं, मग आता येतेस ना? ती म्हणाली, "अहो, मी त्या सामन्यापायी गेले असं वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, मग कशापायी?

पलीकडे भाचीचं यंत्र चालू होतं ते थांबलं. म्हणाली, चार वर्षांत हे आज विचारलंत.

आणि सांगितलं. आवाज चढवला नाही. तिच्या आईच्या आजारपणातलं सांगितलं, आमचं मूल राहिलं नाही तेव्हाचं सांगितलं, तिने शिवलेला शर्ट मी वर्षभर घडी न मोडता ठेवला ते सांगितलं. रोज संध्याकाळचं सांगितलं. मैदान जवळ आहे, खिडकीतून आरडाओरडा ऐकू यायला लागला, म्हणजे सामना सुरू झाला असणार. ती अजून सांगतच होती. शेवटी म्हणाली, येणार नाही मी, तब्येतीला जपा. मी बरं म्हटलं.

एवढं सगळं बोलली. त्यात रग्बीचं नाव एकदाही आलं नाही.